डोंगराचे तारण

पूर्वी कुंभवती नगरीवर सुतनू राजाची सत्ता असताना बोधिसत्त्व त्याच्या पदरी सोमदत्त नावाचे अमात्य होते. नगरातल्या पेढ्यांनी कोणाला, किती आणि कशावर कर्ज द्यावे, हे पाहण्याचे काम त्यांच्याकडे होते.

नगराच्या उत्तरेला असलेल्या काळकूट डोंगराच्या पोटात जळणारा काळा दगड सापडला. भट्ट्या पेटल्या, नगर श्रीमंत झाले आणि राजाच्या कोठारात सहावा हिस्सा येऊ लागला. मग एका उन्हाळ्यात खाणीतली आग डोंगराच्या आत शिरली, ती काही केल्या विझेना. पायथ्याच्या वेळुगावचे झरे कढत झाले. धुराने आधी गायी मेल्या, मग तान्ही मुले दगावू लागली, तेव्हा गावकऱ्यांनी येऊन राजापुढे गाऱ्हाणे घातले.

राजाने खाणवाल्यांना देशाबाहेर घालवले. थोड्याच दिवसांत दुसरे आले. त्यांनाही घालवले, तर तिसरे आले. दुखणे हेल्याला आणि डाग पखालीला, असा तो न्याय होता.

सोमदत्तांनी राजाला समजावले की, खाणवाल्याजवळ स्वतःची कुदळही नसते. ती मणिभद्र श्रेष्ठीच्या पेढीच्या पैशाने येते. हा मणिभद्र नगरातला सर्वांत मोठा सावकार, स्वभावाने सज्जन आणि दानधर्मात पुढे. त्याला बोलावले तेव्हा त्याने नम्रपणे सांगितले की, आपली पेढी फक्त पैसे देते, तिथे ना धूर ना राख. तो खोटे बोलत नव्हता. बिचाऱ्याने तो डोंगर कधी पाहिलाच नव्हता.

म्हणून सोमदत्त राजाला आणि त्याला घेऊन डोंगरावर गेले. दिवस मावळत होता. वर गवताची काडी उरली नव्हती. जमिनीला भेगा पडल्या होत्या आणि प्रत्येक भेगेच्या तळाशी लाल उजेड होता. नजर जाईल तितका तो खोल जात होता. डोंगर आतून घुमत होता. राजाच्या वहाणांचे तळ करपू लागले, तरी तो जागचा हलेना. एवढे प्रचंड काही त्याने जन्मात पाहिले नव्हते, आणि हे माणसांनीच पेटवले आहे, या विचाराने त्याचे अंग शहारले. त्याने नकळत हात जोडले. कोणाला जोडले, हे त्यालाही सांगता आले नसते.

सोमदत्तांनी विचारले, "श्रेष्ठी, या कर्जाला तारण काय घेतले आहे?"

"हाच डोंगर."

"कर्ज घेणारा खाणवाला तर देशाबाहेर घालवला आहे. तारण ताब्यात घ्या."

मणिभद्र भेगेपाशी उभा राहिला आणि खाली पाहतच राहिला. तो हळूच म्हणाला की, खाणींचा व्यवहार बंद पडला तर पेढी बुडेल, आणि अमात्यांची आयुष्यभराची ठेवही त्याच पेढीत आहे.

"ठाऊक आहे," सोमदत्त म्हणाले. "ती आधी बुडू द्या. पण जे कोणालाच तारत नाही, त्याला यापुढे तारण म्हणू नका."

दुसऱ्या दिवशी राजाने दवंडी पिटवली. काळ्या दगडासाठी जी पेढी पैसा देईल, तिने नफ्यासारखाच आगीच्या नुकसानीतही वाटा उचलायचा, आणि कर्जाइतके सोने आग विझवण्यासाठी आधी राजाकडे ठेवायचे. मग कोणालाच हाकलावे लागले नाही. पैसा मिळेना, तसे खाणवाले आपसूक दुसऱ्या उद्योगाला लागले. राजाचे उत्पन्न घटले. सोमदत्तांची ठेव खरेच बुडाली आणि त्यांना राहते घर विकावे लागले. मणिभद्राने उरल्यासुरल्या धनातून वेळुगावला दुरून गोड्या पाण्याचा पाट आणून दिला. डोंगराची आग मात्र त्यांच्यापैकी कोणाच्याही हयातीत विझली नाही. शेजारचे डोंगर तेवढे हिरवे राहिले.

ही पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा सुतनू राजा म्हणजे आजचा आनंद. मणिभद्र म्हणजे तुमच्यात बसलेला हा उत्तिय, जो वाळके पानही विचारल्यावाचून उचलत नाही. सोमदत्त मीच होतो. आपले बुडत असतानाही खरे काय ते पाहता येणे, ही प्रज्ञापारमिता. आणि वेळुगावात त्यानंतर जी मुले जन्मली व जगली, ती तुम्ही सारे आहात."