सोनकीच्या घळीतली पंधरावी

"आणि जो दिसलाच न्हाई, तो कसा मोजलास?"

धाकलूबाबा झोऱ्यांनी हे विचारलं, तेव्हा शाल्मलीला हसू आलं. हाच प्रश्न मोठमोठ्या सभांत तिला विचारला जाई, आणि उत्तर तिच्या जिभेवर असे.

"बाबा, प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे. एका महिन्यात कॅमेऱ्यासमोर आलेले किती, त्यांतले दुसऱ्या महिन्यात पुन्हा आले किती, यावरून न आलेल्यांचाही अंदाज बांधता येतो. गणित आहे ते."

"म्हंजी न दिसलेलाबी धरलाय."

"धरलाय. फोटोत अकरा. गणितानं चौदा."

तीन महिने या सत्तरीच्या धनगरानं तिच्याबरोबर डोंगर तुडवला होता. गुडघ्याच्या उंचीवर झाडाला कॅमेरे बांधायला हात लावला होता. मातीतल्या पावलावरून नर कोणता, मादी कोणती, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

"आणि सोनकीच्या घळीतली?" त्यांनी हळूच विचारलं.

"तिथं कोणी नाही, बाबा. चार कॅमेरे, पंचेचाळीस दिवस. साळिंदर आलं, भेकर आलं. बिबट्या एकदाही नाही."

"हाय. मादी हाय."

"फोटो?"

"फोटू न्हाई. चल, दावतो. एक दिस मोडंल."

शाल्मलीनं घड्याळाकडे पाहिलं. अहवाल परवा द्यायचा होता.

"पुढच्या खेपेला," ती म्हणाली.

नकाशावर सोनकीची घळ कोरी राहिली.

पुढची खेप आली नाही. दुसरं जंगल आलं, दुसरे कॅमेरे आले, नावापुढे डॉक्टर लागलं. डोंगरात रस्ता आखायची वेळ आली, तेव्हा आखणाऱ्यांनी तिचाच नकाशा पुढ्यात घेतला आणि जिथं कोणी नाही तिथून रस्ता नेला. त्यात गैर काय होतं?

पाचव्या वर्षी तिला कोणीतरी आठवड्यापूर्वीचा एक फोटो पाठवला. सोनकीच्या घळीजवळ, नव्या डांबरावर मरून आडवी पडलेली बिबट्याची मादी.

शाल्मलीनं जुने अकरा काढले. वर आलेली डावी कूस त्यांच्या डाव्या कुशीशी, ठिपका ठिपक्याशी लावून पाहिला. दोन दिवस पाहिला.

एकाशीही जुळेना. गणितानं धरलेल्या तिघांतली म्हणावी, तर त्या तिघांनाही तिनं या घळीत जागा ठेवली नव्हती.

मग तिनं फोटो मोठा करून पाहिला. मादीच्या पोटाशी आचळं भरलेली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती धाकलूबाबांच्या अंगणात उभी होती. ते आता काठी घेऊन चालत. तिनं फोटो पुढं केला. त्यांनी तो हातात घेतला नाही.

"बघितली मी. रस्त्यावरच," ते म्हणाले.

"बाबा, चुकलं माझं…"

त्यांनी घळीच्या दिशेनं पाहिलं.

"पिल्लं होती ना?"

"दोन असावीत. घळीतनं आवाज यायचा. चार दिस आला." काठीच्या टोकानं त्यांनी मातीत उगाच एक रेघ ओढली. "गुडघं गेल्यात माझं. खाली उतरवंना. कड्यावर बसून ऐकलं नुसतं. पाचव्या दिशी…"



ती म्हणाली, "मला घळ दाखवाल?"

"उतरंन मी. तू हात धर."

अर्ध्या तासाची वाट, त्यांना अडीच तास लागले. दर वळणावर ती त्यांना बसवत होती, ते पुन्हा उठत होते. खाली पोचले तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. पाण्याकडे जाणारी पायवाट, पायवाटेला लागून जांभळाचं झाड. शाल्मलीनं ते लगेच ओळखलं. तिसरा कॅमेरा. पट्टा तिनंच आवळला होता.

धाकलूबाबा पायवाट सोडून झाडाच्या मागं गेले. तिकडून त्यांनी हाक मारली.

झाडामागं, हातभर अंतरावर, कारवीच्या दाट झुडपांतून एक बोळ गेला होता. वाकून जावं एवढाच. आणि खोडाच्या मागल्या अंगाला उभे ओरखडे होते, नख्यांचे. कडेनं साल भरून आली होती, म्हणजे कितीतरी वर्षांचे.

"हे… मी कॅमेरा लावला तेव्हाही होते?"

"व्हय."

"म्हणजे ती रोज इथूनच… माझ्या कॅमेऱ्याच्या पाठीमागून…"

बाबांनी मान डोलावली.

तिनं ओरखड्यांवर हात ठेवला. पंचेचाळीस दिवसांत ती या झाडाशी सहा वेळा आली होती. बॅटरी बदलायला, कार्ड काढायला. दोन पावलं पलीकडे जाऊन एकदा पाहिलं असतं तर! एक दिवस मोडला असता तर!

डोळे भरून आले. ते पुसायच्या आधीच हात सवयीनं पिशवीत गेला. वही निघाली, पेन्सिल निघाली, टेप निघाली. ओरखड्यांची उंची तिनं घेतली, बोळाची रुंदी घेतली. लिहिता लिहिता तिचा हात थांबला. घळीत पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

"बाबा," तिनं विचारलं, "खरं सांगा. या डोंगरात आता किती उरले असतील?"

धाकलूबाबा एका दगडावर टेकले. काठी आडवी मांडीवर घेतली. तिच्या हातातली वही त्यांनी हलकेच मिटली आणि शेजारच्या दगडाकडे बोट केलं.

"बस हितं. गप बस. आपण किती आलोय, ते आधी त्यास्नी मोजू दे."