चिचुंद्रीचा बारकू आणि तापलेला ट्रक

घाटात एक रस्ता. रस्त्याच्या कडेला एक बीळ. बिळात कोण राहतं? चिचुंद्री राहते.

चिचुंद्री एकटी कधी फिरत नाही. मागे तिची तीन पिल्लं असतात. पुढे ती. तिची शेपटी ढब्बूच्या तोंडात. ढब्बूची शेपटी ठमीच्या तोंडात. ठमीची शेपटी बारकूच्या तोंडात. अशी सगळी वरात निघते. तुरुतुरु तुरुतुरु.

बारकू सगळ्यात लहान. आणि सगळ्यात झोपाळू. त्या दिवशी चिचुंद्री बाहेर पडली. ढब्बू बाहेर पडला. ठमी बाहेर पडली. बारकूला आली जांभई. तोंडातून सुटली शेपटी. राहिला की आत!

तेवढ्यात आला ट्रक. घुर्रर्र घुर्रर्र. ट्रकच्या मागे लांबलचक ट्रॉली. ट्रॉलीवर रोडरोलर. हा एवढा ढब्ब. चढ मोठा, ओझं जड. ट्रक धापा टाकत आला आणि कडेला थांबला. कुठे थांबला? नेमका बिळावर. चाकाने बिळाचं दारच बंद केलं. धप्प.

खालून आवाज आला, "चिक!"

चिचुंद्रीने मागे पाहिलं. ढब्बू आहे. ठमी आहे. बारकू नाही.

ती गेली चाकाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"चाकदादा, चाकदादा, सरक."
"का गं?"
"बारकू सुटेना."
चाक म्हणालं, "मी आपणहून कसा सरकू? इंजिन ओढेल तर मी सरकेन."

ती गेली इंजिनाकडे. तुरुतुरु तुरुतुरु. इंजिन जागच्या जागी घुरघुरत होतं.
"इंजिनदादा, इंजिनदादा, ओढ."
"का गं?"
"चाक सरकेना. बारकू सुटेना."
इंजिन म्हणालं, "मी तापलोय. काटा बघ, लाल रेघेवर गेलाय. असाच ओझं ओढत राहिलो तर बंदच पडेन. पाणी गार होईल तर मी निवेन."

ती गेली पाण्याकडे. पाणी होतं इंजिनाच्या पुढे, जाळीच्या आड. खदखद खदखद.
"पाणीताई, पाणीताई, गार हो."
"का गं?"
"इंजिन निवेना. चाक सरकेना. बारकू सुटेना."
पाणी म्हणालं, "लांब उभी राहा. माझं टोपण उघडू नको, अंगावर उडेन. वारा आत शिरेल तर मी गार होईन."

चाकाखालून आवाज आला, "चिक." जरा बारीक.

ती गेली वाऱ्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु. वारा जाळीबाहेर घुटमळत होता. सूं सूं.
"वारेदादा, वारेदादा, आत शिर."
"का गं?"
"पाणी गार होईना. इंजिन निवेना. चाक सरकेना. बारकू सुटेना."
वारा म्हणाला, "पंखा मला आत ओढतोय. पण वाटेत बसलीये माळ. माळ हटेल तर मी शिरेन."

आता ही माळ कुठली? तर ट्रकवाल्या गेनूमामाची हौस. दसऱ्याला त्याने ट्रकची पूजा केली. एक माळ घातली. मग आणखी एक. मग आणखी एक. झेंडूने ट्रकचं तोंडच झाकून टाकलं. ट्रक दिसत होता नवरदेव. पण नवरदेवाने श्वास कुठून घ्यायचा, याचा विचार मामाने केलाच नाही.

ती गेली माळेकडे.
"माळताई, माळताई, हट."
"का गं?"
"वारा शिरेना. पाणी गार होईना. इंजिन निवेना. चाक सरकेना. बारकू सुटेना."
माळ म्हणाली, "मला काय हौस आहे इथे भाजून घ्यायची? पण गाठ पक्की आहे. मामा सोडेल तर मी हटेन."

ती गेली मामाकडे. तुरुतुरु तुरुतुरु. गेनूमामा सावलीत बसून टॉवेलने घाम पुसत होता.
"गेनूमामा, गेनूमामा, माळ सोड."
"का गं?"
"माळ हटेना. वारा शिरेना. पाणी गार होईना. इंजिन निवेना. चाक सरकेना. बारकू सुटेना."
मामाने डोकं खाजवलं. म्हणाला, "दसऱ्याची माळ हातानं काढायची न्हाई, बाई. वाळून आपसूक पडंल तवाच पडंल. शेळीबिळीनं खाल्ली तर गोष्ट येगळी."

चाकाखालून आवाज आला, "चिक." अगदीच बारीक.

शेळी? शेळी समोरच होती. बाभळीला बांधलेली. चिचुंद्री पळाली. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु.
"शेळीबाई, शेळीबाई, माळ खा."
"का गं?"
"मामा सोडेना. माळ हटेना. वारा शिरेना. पाणी गार होईना. इंजिन निवेना. चाक सरकेना. बारकू सुटेना."
शेळी म्हणाली, "झेंडू? मला फार आवडतो. पण ही दोरी बघ. कोंडाआजी दोरी सोडेल तर मी खाईन."

कोंडाआजी बाभळीमागे गवत कापत होती. सर्र सर्र.
"कोंडाआजी, कोंडाआजी, दोरी सोड."
"का गं?"
चिचुंद्रीला धाप लागली होती. तरी तिने सगळं सांगितलं.
"शेळी खाईना. मामा सोडेना. माळ हटेना. वारा शिरेना. पाणी गार होईना. इंजिन निवेना. चाक सरकेना. बारकू सुटेना."
कोंडाआजी म्हणाली, "न्हाई गं माय. एवढं धूड रस्त्यात उभं. माझी शेळी चाकाखाली आली म्हंजी? ट्रक जाईल तवाच शेळी सोडीन."

घ्या! ट्रक गेला तर शेळी सुटेल. आणि शेळी सुटली तर ट्रक जाईल. आता काय करायचं?

चाकाखालून आवाज आला, "चि..." पुढचा 'क' आलाच नाही.

चिचुंद्रीला रडू आलं. ढब्बूला रडू आलं. ठमीला रडू आलं. चिचुंद्रीने ट्रककडे पाहिलं. पाहतच राहिली. मग डोळे पुसले.

"कोंडाआजी, ट्रक हलतोय का?"
"न्हाई."
"आत्ता हलेल का?"
"तापलाय न्हवं तो? कसा हलंल?"
"मग शेळीला चिरडेल कोण?"

कोंडाआजीचा विळा थांबला. तिने ट्रककडे पाहिलं. शेळीकडे पाहिलं.
"खरंच की," ती म्हणाली.

कोंडाआजीने दोरी सोडली. शेळी धावली. शेळीने माळ खाल्ली. कचर कचर कचर. मामा उठला, "ए, ए..." म्हणाला, आणि परत खाली बसला. माळ हटली. वारा शिरला. सूंऽऽऽ. पाणी गार व्हायला लागलं. इंजिन निवायला लागलं.

लगेच नाही हं. तापलेलं इंजिन लगेच निवत नाही. थांबावं लागतं. चिचुंद्री चाकाला कान लावून बसली. काटा इतकुसा खाली आला. खालून आवाज नाही. काटा आणखी इतकुसा खाली आला. खालून आवाज नाही.

मग लाल रेघ सुटली. मामाने काटा पाहिला. कोंडाआजीने शेळीला पोटाशी धरलं. मामा ट्रकमध्ये चढला. घुर्रर्र.

चाक सरकलं. पण कुठे? मागे! इतकुसं मागे. चिचुंद्रीने डोळे घट्ट मिटले.

घुर्रर्र घुर्रर्र. इंजिनाने जोर लावला. चाक थांबलं. मग पुढे आलं. आणखी पुढे. ट्रॉली पुढे. रोडरोलर पुढे. सगळी गाडी घाट चढायला लागली.

चिचुंद्रीने डोळे उघडले. बिळाच्या तोंडाशी नुसती माती. तिने माती उकरली. खर्र खर्र. ढब्बूने उकरली. ठमीने उकरली.

"बारकू?"

आधी दिसलं नाक. मग दिसल्या मिशा. मग आला सगळा बारकू, मातीने माखलेला. चिचुंद्रीने त्याला चाटलं. इकडून चाटलं, तिकडून चाटलं, पुन्हा इकडून चाटलं.

मग वरात निघाली. पुढे चिचुंद्री. तिची शेपटी ढब्बूच्या तोंडात. ढब्बूची शेपटी ठमीच्या तोंडात. तुरुतुरु तुरुतुरु.

चिचुंद्रीने पुढूनच विचारलं, "बारकू, आहेस ना रे?"

बारकूने उत्तर दिलं नाही. कसं देणार? त्याच्या तोंडात ठमीची शेपटी होती. अगदी घट्ट.