ज्याच्या कमरेत कळ

कोळशाच्या खाणींच्या मुलखात एकदा एक वृद्ध कारागीर राहत होते. त्यांचे नाव लहानुजी वाढई. खाणीतली माती वाहणाऱ्या अवजड गाड्यांच्या चालकांसाठी ते हवेच्या खुर्च्या बनवीत. अशा खुर्चीखाली जाड रबराची पिशवी असते आणि तिच्यात दाबाची हवा भरलेली असते. चाक खड्ड्यात आदळले की तो आघात हवा सोसते, माणसाच्या मणक्यापर्यंत पोचू देत नाही. मात्र हवा बसणाऱ्याच्या वजनाला जुळणारी हवी. त्यासाठी उजव्या हाताशी एक छोटी कळ असते. सडपातळ माणूस ती फिरवून हवा कमी करतो, धिप्पाड माणूस वाढवतो. हवा बरोबर जुळली की खुर्ची मधोमध तरंगते. चुकली, तर तीच खुर्ची वैरीण होते.

करुणा आत्राम ही त्यांची शिष्या. तालुक्याला आयटीआय करून ती त्यांच्याकडे आली, त्याला चार वर्षे झाली होती. हात कुशल, मन हळवे. लहानुजी तिला म्हणत की, तुझ्या हातात दोष नाही, पण तुला कोणाला नाही म्हणता येत नाही.

त्या खाणीवर दिवाकरराव नावाच्या कंत्राटदाराच्या चाळीस गाड्या चालत. चालक लाकडी बाकांवर बसत, आणि चाळिशीला पोचेपर्यंत त्यांच्या कमरा निकामी होत. लहानुजींनी सहा वर्षे दिवाकररावांच्या मागे लागून अखेर त्यांना राजी केले. आधी दहा गाड्यांना खुर्च्या बसवायच्या, मग उरलेल्या तीस गाड्यांना. नेमके त्याच सुमारास लहानुजींची मुलगी आजारी पडली आणि ते आठ दिवस तिच्या गावी गेले.

ते गेल्यावर दिवाकररावांनी करुणेला बोलावून एक अट घातली. एका गाडीवर तीन पाळ्यांत तीन चालक बसतात. प्रत्येक जण कळ फिरवत बसला तर पाळीमागे पाच मिनिटे वाया जातील, शिवाय कळा मोडतील त्या वेगळ्याच. तेव्हा सगळ्या खुर्च्यांची हवा सत्तर किलोच्या मापाने भरावी आणि कळेवर पत्रा ठोकून ती कायमची बंद करावी. करुणा दोन दिवस विचार करीत राहिली. नाही म्हटले तर खुर्च्याच येणार नाहीत. दगडापेक्षा वीट मऊ, असे मनाशी म्हणत तिने पत्रे ठोकले आणि दहाही खुर्च्या बसवल्या.

लहानुजी परतले ते थेट खाणीवर गेले. मारोती पेंदोर नावाचा एक चालक होता, वजनाने जेमतेम पन्नास किलो. त्याच्या शेजारी बसून त्यांनी एक फेरी केली. त्याच्या वजनाला हवा जास्त होती, म्हणून खुर्ची वरच्या टोकाला ताठ उभी राही आणि प्रत्येक खड्ड्याला त्याला छताकडे भिरकावी. दुसऱ्या गाडीवरचा इस्माईल शंभर किलोचा. त्याची खुर्ची पार तळाला बसलेली होती आणि प्रत्येक खड्ड्याला लोखंडावर लोखंड आदळे. लहानुजींनी दोघांनाही विचारले. दोघांनीही हात जोडून सांगितले की, पहिल्यापेक्षा बरे आहे.

पाने-पक्कड आणवून लहानुजी गाडीखाली शिरले आणि नव्या खुर्चीचे बोल्ट काढू लागले. करुणा खाली मान घालून हत्यारे देत राहिली. संध्याकाळपर्यंत दहाही खुर्च्या जमिनीवर होत्या आणि गाड्यांत जुने लाकडी बाक परत बसलेले होते.

चालक भोवती जमले. मारोती संतापला होता. तो म्हणाला, "बाबा, इतक्या वर्षांनी थोडं सुख वाट्याला आलं होतं. मालकानं नाही, तुम्ही काढून घेतलं."

एवढ्यात दिवाकरराव आले. त्यांनी खुर्च्या तत्काळ परत बसवायला सांगितले. लहानुजी म्हणाले की, कळ उघडी राहणार असेल तर आत्ता बसवतो. दिवाकररावांनी आठवण करून दिली की, लहानुजींच्या कारखान्याची शेड दिवाकररावांच्याच जागेत आहे आणि ती महिनाअखेर रिकामी करावी लागेल.

"करतो," लहानुजी म्हणाले. मग ते चालकांकडे वळले.

"मारोती, लाकडी बाक खोटं बोलत नाही. त्यावर बसलास की खड्डा दिसताच तू गाडी हळू करतोस, हातावर अंग तोलतोस, स्वतःला वाचवतोस. ही खुर्ची तुला निर्धास्त राहा म्हणते आणि बेसावध असताना पाठीत घाव घालते. घाव तुला कळतोही, पण तू खुर्चीला दोष देत नाहीस. एवढी चांगली खुर्ची मिळूनही दुखतं, म्हणजे माझंच शरीर नासकं, असं तुला वाटतं. सत्तर किलोचा माणूस तुमच्यात एक तरी आहे का? जो इथं नाहीच, त्याच्यासाठी ही हवा भरली आहे. ज्याच्या कमरेत कळ, त्याच्याच हातात कळ असली पाहिजे. तसं होत नसेल तर माझ्या हातून एकही खुर्ची जाणार नाही. शेड गेली तरी नाही."

पटले कोणालाच नव्हते. इस्माईल एवढेच म्हणाला की, गोष्ट खरी असेल, पण उद्या बाकावर आम्हालाच बसायचे आहे. लहानुजींनी मान खाली घातली.

चार दिवसांनी दिवाकररावांनी करुणेला निरोप धाडला. म्हातारा हट्टाला पेटला आहे, तू शहाणी आहेस. त्याच दहा खुर्च्या पत्र्यासह बसव, पुढच्या तीसही तुझ्याच नावाने आणि शेडही तुझीच. तिची आई अंथरुणाला खिळलेली होती, घर तिच्यावर चालत होते. ती ऑफिसात गेली, समोरच्या खुर्चीत बसली आणि स्वतःच्याच आवाजाचे तिला नवल वाटले.

"मालक, ते पत्रे मी ठोकले होते. पुन्हा ठोकणार नाही."

महिनाअखेर लहानुजी आणि करुणेने शेड सोडली आणि हमरस्त्याच्या कडेला, चिंचेखाली चार बांबूंवर पत्रे टाकून काम मांडले. दिवाकररावांनी शहरातून दुसऱ्या कोणाकडून दहा खुर्च्या आणवल्या. त्यांना हव्या तशाच होत्या, एका मापाच्या, कळेवर पत्रा ठोकलेल्या. पण दरम्यान महिनाभर मारोती त्या बाकावर बसून विचार करीत होता. बाकावर त्याची कंबर दुखे, पण केव्हा दुखणार हे त्याला आधी कळे. बसवण्यासाठी आणून ठेवलेल्या नव्या खुर्चीपाशी आल्यावर तो वाकला, त्याने पत्र्यावर बोट ठेवले आणि आधी हा काढा, मग बसतो, असे सांगितले. मुकादम ओरडला. त्याच्या मागून इस्माईल आला, त्यानेही तेच सांगितले. मग उरलेल्यांनी. कोणी काम थांबवले नाही. नव्या खुर्च्या बाहेरच राहिल्या, ते जुन्या बाकावरच बसले आणि बाकावरच्या माणसाला झेपेल तेवढ्याच गतीने गाड्या हाकू लागले. खड्डा दिसला की गाडी हळू होई. नऊ दिवसांत मातीचे ढीग खाणीच्या तोंडाशी चढले. पाच मिनिटे वाचवू पाहणाऱ्या दिवाकररावांचे तासन्‌तास जाऊ लागले. दहाव्या दिवशी पत्रे निघाले. पुढच्या तीस खुर्च्या उघड्या कळेच्याच आल्या, त्याही शहरातूनच.

ही बातमी करुणेला कळली तेव्हा ती एका ट्रॅक्टरची गादी शिवत होती. तिचे डोळे भरून आले. लढलो आपण, शेड गेली आपली आणि खुर्च्या मात्र दुसऱ्याच कोणाच्या बसल्या, असे ती लहानुजींना म्हणाली.

लहानुजी दाभणात दोरा ओवत होते. ते म्हणाले, "मारोतीला एकदा विचारून ये, सध्या कोणाच्या खुर्चीवर बसतोस."

दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या वेळी ती खाणीच्या फाटकाशी गेली. मारोती गाडीतून उतरत होता, आणि उतरताना त्याने कमरेला हात लावला नाही. तिने त्याला विचारले. प्रश्न त्याला नीट कळला नसावा. तो म्हणाला, "कोणाच्या म्हणजे? माझ्या."

करुणा परतली आणि तिने पुन्हा गादी शिवायला घेतली. काय उत्तर मिळाले, हे लहानुजींनी विचारले नाही.