साळुंक्यांची सराई

एका राज्यात डोंगर रोज सकाळी हातभर बाजूला सरत आणि उन्हाला वाट देत. त्याचे तिथे कुणाला नवल वाटत नसे. नवल होते ते घाटमाथ्यावरच्या राजाच्या सराईचे. तिथे वाटसरूला रात्री अंथरूण मिळे, सकाळी न्याहारी मिळे, आणि झोप तर अशी लागे की जन्माचा शीण उतरावा. पण सराई चालवणारे मात्र टिकत नसत. आज होते, उद्या गायब! आढ्यावर तेवढी एक साळुंकी वाढलेली दिसे.

एकदा काय झाले, पुरात घरदार वाहून गेलेले एक जोडपे राजापुढे आले. हैबती आणि त्याची बायको गोजरा. राजा म्हणाला, "सराई रिकामी आहे. घेता?"

गोजराने हात जोडले. "महाराज, आभाळाखाली निजत होतो. छप्पर देताय, आणखी काय हवं? जन्मभर राबू."

आणि काय सांगू, दोघांनी सराईचे सोने केले! हैबती घोडी बांधी, पाय धुवायला ऊन पाणी देई, अंथरुणे घाली. गोजरा पहाटेपासून चुलीपुढे. भाकरी, पिठले, वर लोण्याचा गोळा. पाहुणे म्हणत, "बाई, तुम्हीही बसा की." ती म्हणे, "आधी तुमचं होऊ द्या." हैबती मात्र पाहुण्यांना सोबत हवी म्हणून पंगतीला बसे आणि पोटभर जेवी. बाप्याची जात, दुसरे काय!

आधी गोजराची झोप गेली. मग सावली गेली. मग एके सकाळी तिच्या खांद्यावर एक तपकिरी पीस उगवले. तिने ते पदराखाली झाकले आणि पीठ मळायला घेतले.

तेव्हा आढ्यावरच्या साळुंक्या एकदम ओरडल्या, "हैबती, डोळे आहेत की बटणं? आम्ही सगळे ही सराई आधी चालवणारे. हा मांत्रिकाचा शाप आहे. अमावस्येला तुझी बायकोही आमच्या रांगेत येऊन बसेल!"

हैबतीने हातातले काम तिथेच टाकले. तो धावत दरीतल्या मांत्रिकाकडे गेला आणि त्याचे पाय धरले. "पुरात सगळं गेलं, ही एक राहिली. हिला नेऊ नका."

मांत्रिक म्हणाला, "माझी आई त्या घरात राबून मेली, म्हणून मी शाप दिला. तीन कामं करा, उतरेल. जो कधी निजत नाही, त्याला निजवा. ज्याचं पोट भरत नाही, त्याचं भरा. आणि त्या घरात ज्याला कुणी कधी गरम घास वाढला नाही, त्याला वाढा."

निजत नाही तो वारा. आजवर जो तो त्याच्या तोंडावर दार लावी. गोजराने दारे सताड उघडली, ओसरीवर घोंगडे अंथरले आणि म्हणाली, "या, दमला असाल." वारा घोंगड्यावर लवंडला आणि घोरू लागला. घाटात पान हलेना.

भरत नाही ते खिंडीतल्या राक्षसाचे पोट. त्याने भाकऱ्यांची चळत संपवली, पिठले संपवले आणि पातेलेच चावायला घेतले. गोजरा म्हणाली, "दादा, ते राहू द्या. आणखी करते. सावकाश जेवा." सावकाश जेव, असे त्याला जन्मात कुणी म्हटले नव्हते. राक्षसाच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने तृप्तीचा ढेकर दिला आणि हात धुतले.

तोवर गोजराला कोपरापर्यंत पिसे आली होती. तिसऱ्या कामासाठी हैबती वाटेवर निघाला. भिकाऱ्याला आणले, तर तो म्हणाला, "मागच्या सराईवाल्याने गरम शिरा घातला होता." चोराला आणले, तर तो म्हणाला, "पळता पळता खाल्लं, पण गरमच होतं." शेवटी प्रत्यक्ष राजाला पालखीसकट आणले. राजा म्हणाला, "अरे, मी तर इथे लहानपणापासून जेवतोय!"

अमावस्येची सकाळ उजाडली. पंगत बसली. हैबती सवयीने पाटावर टेकला आणि म्हणाला, "गोजरा, वाढ गं."

कुणी आले नाही. तो आत गेला. गोजरा चुलीमागे बसून शिळ्या भाकरीचे तुकडे टिपत होती.

"हे काय खातेस?"

"रोजचंच."

हैबतीने कपाळावर हात मारून घेतला. "अगं, मी अख्खा मुलूख पालथा घातला!" तो चुलीपुढे बसला, पीठ मळले, भाकरी थापली. एकीकडे जाड, एकीकडे करपलेली. ती त्याने तिच्यापुढे धरली.

पण गोजरा हात लावीना. वारा निजवला, राक्षस जेववला, आणि इथे गाडी अडली! "पाहुणे खोळंबलेत," ती म्हणाली. "ज्यांनी छप्पर दिलं, त्यांच्या आधी मी जेवू? पाप लागेल मला."

"छप्पर महाराजांनी दिलं," हैबती म्हणाला. "त्याचं घर तू केलंस. मी रोज तुझ्या हातचं गरम खाऊन उठलो आणि तू जेवलीस का, एवढंही कधी विचारलं नाही. चुकलो गं." आणि तो मोठा गडी ढसाढसा रडला.

राजा दारात उभा होता. त्याने तांब्या उचलला आणि तिच्या हातावर पाणी घातले. "बाई, इतकी वर्षं आम्ही जेवलो. आज आम्ही थांबतो."

गोजराने घास घेतला.

पिसे गळून पडली. आढ्यावरून साळुंक्या उतरल्या, त्यांची माणसे झाली. कुणी पागोटे सावरले, कुणी पदर घेतला, आणि दोघी-तिघी तर सवयीने परातीकडे धावल्या. राजाने तिथेच हुकूम दिला की आजपासून या राज्यात पहिली गरम भाकरी चुलीपुढच्या माणसाची. डोंगर सरतात त्या मुलखात अजून तीच रीत आहे.

गोजराने ती वाकडी, करपलेली भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. राजाकडे पाहिले, वाट पाहणाऱ्या पाहुण्यांकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले. "देवाने भरभरून दिलं मला," ती म्हणाली. आणि जन्मात कधी केले नव्हते ते तिने केले. ताट पुढे सरकवले.

"आणखी एक वाढा."