शेवंतीच्या नावाचा दिवा

एका राज्यात एक मुका राजा होता. जन्माचा मुका नव्हे; सोळा वर्षांपूर्वी एका मांत्रिकाने त्याचा आवाज बांधला आणि त्याच दिवशी राजधानी ओस पडली. प्रजा नदीपल्याड जाऊन राहिली. राजकन्या हेमकळा तेव्हा पाळण्यात होती. बापाच्या तोंडचा एकही शब्द तिने कधी ऐकला नव्हता.

एके सकाळी ती एकटीच होडीत बसली आणि जुन्या राजधानीत उतरली. कमानींतून पिंपळ उगवले होते. राणीमहालाच्या पायऱ्यांवर गवत माजले होते. महाद्वारावर एक साळुंकी बसली होती.

"कोण गं तू?"

"राजाची लेक. बाबांचा आवाज न्यायला आले."

"मग तीन कामे कर. विहिरीचे पाणी ओंजळीतून नेऊन गजशाळेतल्या, शापाने दगड झालेल्या हत्तीला पाज. तो एक नाव सांगेल, ते ध्यानात ठेव. त्या नावाने देवळात दिवा लागू दे."

"कोणाचे नाव?"

"मांत्रिकाच्या मेलेल्या लेकीचे. तिच्यासाठी त्याने देवळात एक दिवा मागितला, तर राजा भर सभेत हसला. मांत्रिकाने शाप दिला. पण तो त्याच्यावरही उलटला. लेकीचे नावच तो विसरला."

हेमकळेचा चेहरा उतरला. हे तिला कोणी सांगितले नव्हते. तरी ती विहिरीत उतरली.

दोनदा पाणी वाटेतच गळून गेले. तिसऱ्या खेपेस ती घाई न करता, बोटे घट्ट जुळवून चालली. हत्तीने दगडी सोंड ओंजळीत बुडवली.

"शेवंती," तो म्हणाला. "माझ्या पाठीवर बसून चिंचा खायची."

देवळात गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी म्हातारा मांत्रिक वाती वळत बसला होता. भोवती वातींचे ढीग साचले होते.

"परत जा, मुली. दिवा कोणाच्या नावाने लावू, तेच आठवत नाही."

"शेवंतीच्या नावाने लावा, आजोबा."

मांत्रिकाच्या हातातली वात गळाली. "शेवंती," तो पुटपुटला, पुन्हा पुटपुटला आणि लहान मुलासारखा रडला. हेमकळेने त्याचा हात धरला. दोघांनी मिळून दिवा लावला.

त्याच क्षणी नदीपल्याड राजाच्या कंठात आवाज परतला आणि पहिलाच शब्द उमटला, "शेवंती." तो अनवाणीच होडीत बसला. देवळात आला, तो थेट मांत्रिकापुढे हात जोडून उभा राहिला.

"शेवंतीच्या बाबा, मी हसलो. चुकलो."

मांत्रिकाने तेलाची बुधली पुढे केली. "घाला, महाराज."

राजाने दिव्यात तेल घातले. गजशाळेत हत्तीने दगड झटकून अंग हलवले. माणसे नदी ओलांडून आपापल्या घरी आली. चुली पेटल्या, देवळांत घंटा वाजल्या.

राजा मग लेकीजवळ पायरीवर बसला. "हेमकळे, इतक्या वर्षांचे काय काय सांगू तुला?"

"काहीही सांगा, बाबा," ती म्हणाली. "फक्त बोला."

आणि राजा बोलत राहिला.