जात्यावरचा सुभाना

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या-माझ्या पणज्याचाही जन्म नव्हता तेव्हा, शिरटेक गावात सुभाना नावाचा पैलवान होता. अंगानं असा, की तो दारात उभा राहिला तर घरात अंधार पडायचा. असं म्हणतात, की तो इकडे लाल मातीत शड्डू ठोकायचा आणि नदीपलीकडच्या गोठ्यात बसलेले बैल धडपडून उभे राहायचे.

आणि हाच सुभाना रोज पहाटे आईच्या समोर जात्याला बसायचा, खुंट्याला हात घालायचा आणि ओव्या गायचा. लहानपणी आईच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकलेल्या ओव्या त्याच्या अंगात भिनल्या होत्या. ओवीतली बाई ‘दळिते’ म्हणायची, तर हाही खुशाल ‘दळिते’च म्हणायचा. आवाज असा गोड, की पाण्याहून परतणाऱ्या बाया भरल्या कळशीनिशी त्याच्या दाराशी थांबायच्या.

गावाला मात्र हे पचेना. पुरुषानं दळायचं? तेही पैलवानानं? पारावरची रिकामटेकडी मंडळी त्याला सुभाक्का म्हणू लागली. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार! सुभाना ऐकायचा, हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जात्यावर.

मग एका चैत्रात भैरोबाच्या जत्रेला नदीकाठचा एक नावाजलेला मल्ल आला. त्याची जोड सुभानाशी लागली. मल्लाच्या कानावर सगळं गेलंच होतं. त्यानं भर फडात सांगून टाकलं, की मी बायकांशी कुस्ती धरत नाही. साऱ्या शिरटेकची मान खाली गेली.

हैबती वस्तादानं सुभानाला पोटच्या पोरासारखं घडवलं होतं. त्यानं त्याला बाजूला घेतलं आणि समजावलं, की चार लोकांत सांग, जातं सोडलं म्हणून. सोडवत नसेल तर सांग, आईनं देवाला नवस बोललाय, म्हणून दळतो. मग कुणाची बोलायची टाप नाही, उलट पाया पडतील. यातलं काहीच जमत नसेल, तर पंचांनी बजावलंय, आजपासून तालमीची पायरी बंद.

तालमीची माती म्हणजे सुभानाचा जीव होता. एक खोटा शब्द बोलला असता, तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. तो खाली बसून बोटांनी माती चुरू लागला.

“नवस न्हाई, वस्ताद,” तो म्हणाला. “मला गोड वाटतं म्हणून दळतो. कुस्तीबी गोड वाटते म्हणूनच धरतो.”

एवढं बोलून तो उठला आणि घराकडे चालू लागला. लोकांना वाटलं, गेला बिचारा. पण थोड्या वेळानं गर्दी आपोआप दुभंगली. सुभाना येत होता, आणि दोन गड्यांना न हलणारं जातं त्याच्या खांद्यावर होतं. त्यानं ते फडाच्या मधोमध ठेवलं, मांडी घातली, मूठभर जोंधळे टाकले आणि म्हणाला, “मला हितनं हलवा. हललो, तर जातं सोडतो.”

मल्ल हसत हसत पुढे झाला. त्यानं खांदा लावला, मग छाती लावली, मग चार पैलवान त्याच्या मदतीला आले. पायांनी मातीत चर पडले, पण सुभाना तसूभर सरकला नाही. जातं फिरतच होतं आणि ओवीही तुटली नाही.

दळण दळिते, हात माझा थांबंना,
ओवी पोटातली ओठांमंदी मावंना.

असं म्हणतात, की हलगीवाल्याचा हात आपसूक जात्याच्या ठेक्यावर पडू लागला, आणि देवळातली घंटा कुणी न वाजवता वाजली. मल्ल घामाघूम होऊन खाली बसला. त्याचे डोळे भरून आले होते.

“माझी आय अशीच गायची,” तो म्हणाला, आणि त्यानं समोरून खुंट्याला हात घातला.

दळण संपल्यावर दोघांनी कुस्ती धरली. जिंकलं कोण, यावरून गावात अजून भांडणं होतात.

पुढे सुभाक्का म्हणणारीच तोंडं त्याला जातेबाबा म्हणू लागली. नारळ घेऊन दारात रांग लागली. सुभानानं सगळ्यांना वाटेला लावलं. मी सुभाना आहे, म्हणाला, नारळ घरी न्या आणि चटणी करा.

आजही शिरटेकच्या जत्रेत पहिल्या कुस्तीआधी फडात जातं मांडतात. जो लढणार, त्यानं आधी मूठभर दळायचं आणि एक ओवी म्हणायची. आवाज फाटला तरी चालतो. लाजून हसला, तर त्याला जोड मिळत नाही.

परवापरवा एक पोरगी पहिल्यांदा फडात उतरली. म्हातारे कुजबुजले, की बाईच्या जातीनं कुस्ती धरायची का? पोरगी कुणाकडे बघेना. तिनं दळलं, ओवी म्हटली, उठून मातीला हात लावला आणि शड्डू ठोकला. पाहणारे अजून हयात आहेत, हवं तर विचारा. खुंट्याला कुणाचा हात नव्हता, आत दाणाही नव्हता, तरी जातं एक फेरा फिरलं.