ठकू कासारीण आणि न दुखणारा हात

बोरमाळला अजून गाडीवाट झाली नव्हती आणि टेकडीवरचं रान गावाच्या कुंपणाला येऊन टेकत होतं, त्या काळातली ही हकीकत. तेव्हा आसपासच्या सात गावांत मिळून बांगड्या भरणारी एकच बाई होती. तिचं नाव ठकू. नवरा तापानं गेला तेव्हा त्याची टोपली तिनं आपल्या डोक्यावर घेतली आणि तीच सात गावं फिरू लागली.

ठकू माणसाला तोंडावरून कमी आणि हातावरून जास्त ओळखायची. बाई समोर बसली की तिचा पंजा आपल्या पंजात घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी दाबायची, चार बोटं जुळवायची आणि बोलता बोलता काकण मनगटात सरकवायची. समोरची ‘आई गं’ म्हणेपर्यंत काम झालेलं असायचं. असं म्हणतात, की डोळे बांधून तिच्यापुढं शंभर हात ठेवले असते, तर तिनं शंभर नावं बिनचूक सांगितली असती.

एका श्रावणात म्हादबा गुरवाची सून सारजा तिच्यापुढं बसली. म्हादबाकडं देवळाची पूजा होती, त्यामुळं घराला मान होता. सारजा एकोणीस-वीस वर्षांची, भारी बोलकी. हिरवं काकण सरकवताना फुटलं आणि काच करंगळीखाली तळहाताच्या कडेला रुतली. रक्त ठिबकायला लागलं. सारजा शेजारणीशी बोलत होती, ती बोलतच राहिली.

ठकूनं काकण बाजूला ठेवलं. "सारजे, दुखलं नाही गं?"

"काय दुखायचंय, मावशी?" असं म्हणून सारजानं खाली बघितलं, आणि रक्त बघून हात पदरात लपवला.

बाकीच्या बायका गेल्यावर ठकूनं तिला डोळे मिटायला लावले. कोंबडीचं एक पीस घेतलं आणि हातावरून फिरवलं. अंगठ्यावर लागलेलं सारजानं सांगितलं, मधल्या बोटावरचं सांगितलं. करंगळीवर पीस तीनदा फिरलं, तरी ती आपली वाट बघत बसून राहिली. दंडावर एक फिकट चट्टा होता. त्यावर लव नव्हती की घाम नव्हता. कोपरामागं कातडीखालची शीर ठकूच्या बोटांना सुतळीसारखी जाड लागली.

आज आपण त्याला कुष्ठरोग म्हणतो. तेव्हा रक्तपिती म्हणायचे, आणि तेही आवाज खाली करून. नाव निघालं की माणसाची रवानगी ओढ्यापलीकडं. तिथं सात-आठ खोपटी होती. गावातले लोक दगडावर भाकरी ठेवायचे आणि मागं न बघता परतायचे.

ठकू दुसऱ्या दिवशी ओढा ओलांडून पलीकडं गेली. तिला विचारायचं होतं, आणि ज्यांना तो रोग माहीत होता ती माणसं तिथंच राहत होती. असं म्हणतात, की ओढ्याला पूर होता, पण पाणी तिच्या घोट्याच्या वर चढलं नाही.

तिथं लिंबाजी नावाचा म्हातारा होता. भुवया झडलेल्या, कानाच्या पाळ्या जाड होऊन लोंबलेल्या, नाक बसलेलं. ठकूनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाई, हा रोग सगळ्यांच्यात एकसारखा नसतो. माझ्या अंगानं त्याला अडवलंच नाही. घरात कुणी शिरावं आणि घरधन्यानं झोपून राहावं, तसं झालं. रोग सगळीकडं पसरला तरी मला कित्येक वर्षं काही कळलं नाही. तुझ्या पोरीचं अंग भांडतंय. म्हणून तिला चट्टा एकच आहे. पण त्या भांडणात शिरा मरतात."

"मग तिला काय होईल?"

"एखाद दिवशी ते भांडण एकदम पेटेल. चट्टा लाल होईल, ताप येईल, शीर अशी ठणकेल की पोरगी ओरडेल. लोकांना वाटेल, रोग वाढला. तेव्हा तो हात हलू द्यायचा नाही. कामटी लावून बांधून ठेवायचा. नाहीतर बोटं वाकतात, बघ, अशी." त्यानं आपला हात पुढं केला. मग म्हणाला, "आणि भिऊ नको. माझी बायको वीस वर्षं माझ्या ताटात जेवली. तिला काही झालं नाही. बहुतेकांना होतच नाही. पण हे ऐकायला इकडं येतंय कोण?"

ठकूनं त्याचा तो वाकडा हात आपल्या पंजात घेतला. माणसाचा हात हाताला लागून त्याला किती वर्षं झाली होती, ते त्यालाच ठाऊक.

ठकूनं गावात चकार शब्द काढला नाही. पण दिवाळीनंतर लिंबाजी म्हणाला तसंच झालं. चट्टा जास्वंदीसारखा लाल झाला, सारजा तापानं फणफणली, कोपर धरून किंचाळू लागली. सगळी आळी गोळा झाली. म्हादबा पारावर डोकं धरून बसला. पंच म्हणाले, "गुरवाच्या घरात हे चालायचं नाही. उद्या सकाळी पलीकडं पोचवा."

सकाळी ठकू आली, ती थेट दारात उभी राहिली.

"म्हादबादादा, रोग वाढला नाही. पोरीचं अंग जागं झालंय. ते भांडतंय, आणि तुम्ही तिलाच हाकलताय?"

"तुला काय कळतं गं त्यातलं?"

"हिचं रक्त श्रावणात माझ्या तळहातावर सांडलंय. त्यानंतर ह्याच हातांनी मी सात गावांतल्या लेकीसुनांना बांगड्या भरल्यात. मला काय झालं? त्यांना काय झालं?"

हे ऐकून माणसं चार पावलं मागं सरली. एक पंच म्हणाला, "ठके, हिला शिवलीस तर आमच्या बायकांचे हात तुला बंद."

ठकूनं टोपली ओसरीवर ठेवली आणि आत जाऊन सारजाजवळ बसली.

दोघींना शिवून पलीकडं न्यायला कुणी धजलं नाही, तेव्हा सारजाला घेऊन तिनं म्हादबाच्या गोठ्यात बिऱ्हाड केलं. सारजाचा हात बांबूच्या कामट्यांत मऊ लुगड्यानं बांधला. लिंबाजीनं सांगितलेलं कडूकवठाचं तेल अंगाला चोळलं. रात्रंदिवस ठणक असायची. सारजा म्हणायची, "मावशी, मला पलीकडं टाक, पण हे थांबव." ठकू म्हणायची, "दुखतंय तोवर हात जिता आहे, पोरी." पण तिलाही खात्री नव्हती. सारजा झोपली की ती तिची बोटं एकेक करून चाचपायची.

सात गावांत बांगड्या भरणं बंद झालं. संक्रांत आली. दळताकांडताना काकणं फुटत गेली होती, आणि सवाशिणींच्या हातात एकेक-दोनदोनच उरली होती. दुसरा कासार त्या रानात यायला तयार नव्हता. मग एका दुपारी म्हादबाची बायको भागू उठली. ही सारजाची सासू, दोन महिने गोठ्याच्या दाराशी भाकरी ठेवून परतणारी. ती आत गेली, ठकूसमोर बसली आणि पदर सावरून तिनं दोन्ही हात पुढं केले.

"भर," म्हणाली.

"आधी हिचे," ठकू म्हणाली.

कामट्या सोडल्या. सारजानं बोटं उघडली. तीन बोटं सरळ झाली, करंगळी मात्र जराशी वाकडीच राहिली, ती जन्मभर. ठकूनं त्या हातात हिरवा चुडा भरला. मग भागूचे हात भरले. बाहेर बघते तर बायकांची रांग वेशीपर्यंत गेलेली. असं म्हणतात, की त्या दिवशी सात गावांचे हात भरून झाले तरी टोपली उणी झाली नाही. उरलेल्या बांगड्या घेऊन ठकू ओढ्यापलीकडं गेली, आणि भागू तिच्याबरोबर होती. खोपटांतल्या बायकांनी रिकामी मनगटं पदराखाली लपवली, तेव्हा भागूनंच ती बाहेर काढली. लिंबाजी बरा झाला नाही. पण तो मेला तेव्हा त्याला खांदा द्यायला गावातली चार माणसं होती.

ठकू कुठं गेली, कशी गेली, ते कुणी नीट सांगत नाही. तिची समाधी नाही, देऊळही नाही.

बोरमाळला आता डांबरी सडक आहे. श्रावणात कासार फटफटीवर पेट्या बांधून येतो आणि चावडीपुढं बसतो. पण अजूनही आधी काकण भरत नाहीत. बाई डोळे मिटते, कासार पीस फिरवतो आणि विचारतो, "कुठं?" जिला सांगता येत नाही, तिच्याबरोबर दोघी जणी सरकारी दवाखान्यात जातात. आता गोळ्या मिळतात, त्यांनी रोग बरा होतो, आणि ती संध्याकाळी आपल्या घरी परत येते. ह्याला तिथं ‘ठकूचं विचारणं’ म्हणतात.

गेल्या साली एका नव्या सुनेला तीनदा विचारूनही सांगता आलं नाही. तिनं घाबरत डोळे उघडले. रांगेतली एकही बाई उठली नव्हती. मागची तर आणखी जवळ सरकून बसली होती.

कासारानं पीस बाजूला ठेवलं आणि तिचा हात हातात घेतला.

"दवाखान्यात उद्या जा, ताई," तो म्हणाला. "आज सांग, रंग कुठला भरू?"